वेगळेपणाचा आग्रह आणि बाजाराची साक्ष

दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळमालकांना गेली काही वर्षे एकच उपदेश ऐकावा लागतो आहे. कृषी प्रदर्शनाचा मंडप असो, शेतकरी उत्पादक कंपनीचे प्रशिक्षण असो की नवउद्योजकांचे शिबिर. वक्ता बदलतो, उपदेश तोच. गूळ सगळेच करतात, तुमच्या गुळात वेगळे काय ते शोधा, त्याला नाव द्या, त्याच्याभोवती ब्रँड उभा करा. ऐकणारा मान डोलावतो. घरी येऊन आल्याचा गूळ करतो, तुळशीचा करतो, चौकोनी वड्या पाडतो, बरणीत भरतो, लेबलावर ‘केमिकल-फ्री’ छापतो. शेजारचाही नेमके हेच करतो. कारण त्यानेही तेच शिबिर केलेले असते.

या उपदेशाचा मला प्रतिवाद करायचा आहे. उपदेश करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडावेत म्हणूनच त्यांतले पुष्कळ जण धडपडतात. पण चांगल्या हेतूने सांगितलेले चुकीचे मत जास्त नुकसान करते, कारण त्याच्याशी भांडायला कुणी उभे राहत नाही. प्रतिस्पर्ध्यांहून वेगळे असणे हाच ब्रँडचा प्राण, हे ते मत. माझे म्हणणे असे की बाजारात टिकलेली बहुतेक नावे वेगळी आहेत म्हणून टिकलेली नाहीत. ती चटकन ओळखू येतात, हवी तेव्हा हाताशी असतात आणि दर खेपेला तशीच निघतात, म्हणून टिकली आहेत. दोन्ही बाजू मांडतो. निकाल वाचकांनी द्यावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो दुबळा करून नव्हे. या मताची वंशावळ मोठी आहे. रॉसर रीव्हज या अमेरिकी जाहिरातकाराने १९६१ मध्ये सांगितले की प्रत्येक मालाने गिऱ्हाइकाला एकच असे वचन द्यावे, जे प्रतिस्पर्धी देत नाही किंवा देऊ शकत नाही. १९८१ मध्ये अल रीस आणि जॅक ट्राउट यांचे ‘पोझिशनिंग’ हे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे जास्त सूक्ष्म होते. लढाई कारखान्यात होत नाही, गिऱ्हाइकाच्या मनात होते. तिथे वरच्या पायरीवर कुणी बसलेला असेल तर त्याला ढकलत बसू नये, आपली रिकामी जागा हेरावी. मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये स्पर्धेत टिकण्याचे जे मोजके मार्ग सांगितले, त्यांत स्वस्ताई हा एक आणि वेगळेपण हा दुसरा. पुढे २००० मध्ये ट्राउट यांनी ‘डिफरन्शिएट ऑर डाय’ असे धमकीवजा नाव देऊन आणखी एक पुस्तक लिहिले. रीस-ट्राउट यांचा सूक्ष्म विचार तालुक्याच्या शिबिरापर्यंत येता येता ‘गुळात आले घाला’ इतका ठोकळ झाला, हा दोष त्यांचा नाही, हेही नोंदवून ठेवतो.

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवाद खुद्द दौंडमध्येच मिळतो. केडगाव, पारगाव, राहू, पिंपळगाव, खुटबाव या भीमा आणि मुळा-मुठेच्या पट्ट्यात गुऱ्हाळांची दाटी आहे. तिथली ढेप पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार बाजारात जाते तेव्हा तिच्यावर कुणाचेच नाव नसते. व्यापारी ढेप फोडतो, रंग बघतो, कणी बघतो, चिमूटभर जिभेवर ठेवतो आणि भाव बोलतो. माल बिननावाचा असेल तर विकणाऱ्याच्या हाती किमतीखेरीज शस्त्र उरत नाही, आणि किमतीच्या लढाईत लहान माणूस आधी आडवा होतो. यातला एकही शब्द मी नाकारत नाही. बिननावाचे असणे वाईट, हे कबूल. पण बिननावाच्या मालावर उपाय म्हणजे वेगळा माल, हे कुठून आले?

पूर्वपक्षाचाच आवडता साक्षीदार उलटतपासणीला घेऊ. एव्हिस ही अमेरिकेतली मोटारी भाड्याने देणारी कंपनी हर्ट्झच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर होती. १९६० च्या दशकात तिने उघड सांगितले की आम्ही दुसरे आहोत, म्हणून जास्त मेहनत घेतो. कंपनी तोट्यातून नफ्यात आली आणि ही गोष्ट वेगळेपणाच्या पोथीत कायमची जाऊन बसली. पण त्या जाहिरातींत वचन काय होते? गाडी धुतलेली असेल, टाकी अर्धी रिकामी नसेल, राखपात्र साफ असेल. यात वेगळे काय? भाड्याच्या गाडीकडून कुणीही जी किमान अपेक्षा ठेवेल तीच ही. एव्हिसने वेगळी सेवा दिली नाही. सर्वांनी द्यायची ती सेवा देण्याचे वचन लक्षात राहील अशा तऱ्हेने दिले, आणि पुन्हा पुन्हा दिले. साक्षीदार फुटला तो असा.

आता भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात. पुणे–नगर रस्त्यावरच्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीत एलजी, व्हर्लपूल आणि हायर या तिघांचेही कारखाने आहेत आणि तिन्ही ठिकाणी फ्रिज बनतात. एक घराणे कोरियाचे, एक अमेरिकेचे, एक चीनचे. कामगार मात्र त्याच कारेगावात खोल्या घेऊन राहतात आणि तयार माल त्याच रस्त्याने बाहेर पडतो. वेगळेपणाचा सिद्धांत खरा असता तर हे तिघे वर्षागणिक एकमेकांपासून दूर सरकायला हवे होते. घडले उलटे. फ्रीझर खाली आणि रोजच्या वापराचे कप्पे वर, असा फ्रिज हायरने भारतात नेटाने पुढे आणला. भाजी काढायला दिवसातून दहादा वाकणाऱ्यांना ती सोय खरीच होती. आज तसे फ्रिज इतरही विकतात. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे तेच झाले. २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली आणि वीजबचतीच्या कंपनीगणिक निराळ्या कथा एका सरकारी चिठ्ठीत मोजल्या जाऊ लागल्या. जे वेगळेपण गिऱ्हाइकाच्या खरोखर कामाचे असते, त्याची नक्कल होते. ज्याची नक्कल होत नाही ते बहुधा कुणाला नकोच असते.

शिरूरच्या बाजारपेठेत एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तासभर उभे राहावे आणि कान उघडे ठेवावेत. किती लिटरचा? किती स्टार? हप्ता किती बसेल? बिघडला तर माणूस किती दिवसांत येतो? जुना काढून नेणार का? प्रश्न हे असतात. ‘हा बाकीच्यांहून वेगळा कसा?’ असे विचारणारे गिऱ्हाईक अजून जन्माला यायचे आहे.

त्याच वसाहतीत याहून मोठा दाखला आहे आणि तो जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे. फियाट आणि टाटा मोटर्स यांनी २००६ मध्ये भागीदारी जाहीर केली. रांजणगावहून फियाटच्या लिनिआ आणि ग्रांदे पुंतो या गाड्या २००९ मध्ये बाजारात आल्या. टाटांच्याही काही गाड्या तिथेच तयार होऊ लागल्या. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन टाटांच्या गाड्यांत क्वाड्राजेट या नावाने बसले आणि मारुतीच्या स्विफ्टमध्ये डीडीआयएस या नावाने. ते इतक्या गाड्यांत गेले की मोटारींच्या मासिकांनी त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायला सुरुवात केली. २०१२ मध्ये तर डिझेल गाड्यांची मागणी भागवण्यासाठी मारुतीने रांजणगावहूनच इंजिने घेण्याचा करार केला. प्रतिस्पर्ध्याच्या गाडीचे काळीज शिरूर तालुक्यात तयार होत होते.

वेगळेपणात फियाट कुठे उणी होती? पुंतोची आकृती ज्योर्जेत्तो जुजारो यांच्यासारख्या नामांकित इटालियन रचनाकाराची. पत्रा भक्कम, रस्त्यावरची पकड घट्ट. ती चालवलेले लोक आजही तिचे नाव काढले की हळवे होतात. नावही नवखे नव्हते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला दोन पिढ्या ‘फियाट’च म्हणत आल्या. माल वेगळा, माल चांगला, नाव जुने. तरी तेच इंजिन घेऊन स्विफ्ट लाखांनी खपली आणि पुंतो रस्त्यावर क्वचित दिसली. २०१९ मध्ये फियाटने या देशातली आपली मोटारविक्री गुंडाळली.

का? फियाटच्या गाड्या विकायच्या आणि दुरुस्त करायच्या त्या टाटांच्या दालनांत. तिथला विक्रेता घरची गाडी पुढे करील की पाहुण्याची? २०१२ मध्ये दोघांनी विक्रीची व्यवस्था वेगळी करायचे ठरवले, पण तोवर गिऱ्हाइकाची समजूत पक्की झाली होती. न्हावऱ्याचा बागायतदार किंवा दौंडचा कांद्याचा व्यापारी गाडी घेताना बघतो काय? मिस्त्री जवळ आहे का, पार्ट मिळतो का, पाच वर्षांनी विकायला काढली तर किती येतील. या तिन्ही प्रश्नांना मारुतीकडे उत्तर होते. फियाटकडे जुजारो होते.

पूर्वपक्ष इथे थांबवून म्हणेल की त्याच कारखान्यातून २०१७ मध्ये जीप कंपास निघाली, तिची ऐट लोकांना भावली आणि ती सुरुवातीला चांगली खपली, त्याचे काय? खपली, हे मान्य. मग त्याच आकाराच्या दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या आल्या आणि कंपासचा खप ओसरत गेला. ऐट तीच होती, पुढची सात फटींची जाळीही तीच. वेगळेपण कणभर कमी झाले नसताना गिऱ्हाईक का कमी झाले, याचे उत्तर पूर्वपक्षाने द्यायचे आहे.

दोन-चार कारखान्यांवरून नियम काढू नये, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ज्यांनी आयुष्यभर खरेदीच्या नोंदी तपासल्या त्यांच्याकडे जायला हवे. ब्रिटिश अभ्यासक अँड्र्यू एरेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोजच्या वापराच्या मालाची घरोघरची खरेदी दशकानुदशके तपासली. त्यांना दिसले ते असे: एकाच प्रकारच्या मालात स्पर्धा करणाऱ्या नावांची गिऱ्हाइके एकमेकांसारखीच असतात. वयाने, उत्पन्नाने, स्वभावाने त्यांत फारसा फरक सापडत नाही. एकच घर आज हे नाव घेते, उद्या ते. आणि लहान नावाला दुहेरी मार बसतो. त्याला गिऱ्हाइके कमी असतात, आणि असतात तीसुद्धा थोडी कमी वेळा घेतात. या दुहेरी माराकडे विल्यम मॅकफी यांनी १९६३ मध्येच बोट दाखवले होते. ऑस्ट्रेलियातले बायरन शार्प यांनी २०१० मध्ये ‘हाउ ब्रँड्स ग्रो’ या पुस्तकात हे सारे सामान्य व्यावसायिकांपुढे ठेवले.

याचा अर्थ नीट पाहावा. ‘तुम्ही लहान आहात ना? मग मोजक्याच पण कट्टर गिऱ्हाइकांसाठी काहीतरी वेगळे करा’, हा शिबिरातला सर्वांत लाडका सल्ला. नोंदी सांगतात की मोजक्या गिऱ्हाइकांचे नाव बहुधा कट्टर गिऱ्हाइकांचे नसते. लहानाची अडचण तो सारखा आहे ही नसते. तो पुरेशा लोकांना माहीत नाही आणि पुरेशा दुकानांत नाही, ही असते. आल्याच्या गुळाने ती सुटते का? उलट गिऱ्हाईक आणखी आकसते. चहात आल्याचा गूळ चालेल. पुरणात, चिक्कीत, तिळगुळात कोण घालील?

अमूलचीच गोष्ट घ्या. पोल्सनच्या खारट, आंबूस लोण्याला सरावलेल्या मुंबईला आणंदच्या ताज्या सायीचे लोणी अळणी वाटले होते. वेगळेपणवाद्याने सल्ला दिला असता की ‘ताजे, वेगळे’ म्हणून मिरवा. अमूलने चव गिऱ्हाइकाच्या सवयीजवळ नेली. आणि मग १९६६ पासून ठिपक्यांच्या फ्रॉकातली एक मुलगी फलकांवर उभी केली, ती आजतागायत उतरवलेली नाही. जीभ म्हणते तेच लोणी, डोळा म्हणतो अमूल. मालात साम्य आणि ओळखीत वेगळेपण, हे दोन मुद्दे पूर्वपक्ष एकमेकांत कालवतो आणि साऱ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे.

आता गुळाकडे येऊ. केडगाव स्टेशनवरून पारगावच्या बाजूला निघाले की चुलवणाचा धूर लांबूनच दिसतो. चरकातला रस काहिलीत पडतो. चुन्याची निवळी पडते, रानभेंडीचे चिकट पाणी पडते, मळी वर येते ती झाऱ्याने काढतात. रस आटतो, तांबूस होतो, बुडबुडे जड होतात. काहिलीशी उभा असलेला गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात सोडतो, बोटांत वळून त्याची गोळी करतो आणि काठावर आपटून तिचा आवाज ऐकतो. पाक त्या वेळी ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पण थर्मामीटर बहुतेक ठिकाणी गुळव्याची बोटे हाच. थोडा लवकर उतरवला तर गूळ मऊ राहतो आणि पावसाळ्यात पाझरतो. उशीर झाला तर करपतो.

इथे वेगळेपणाची उणीव आहे की उधळण? एका आधणाचा रंग दुसऱ्याला नाही. ऊस को-८६०३२ असेल तर गूळ एक, कोसी-६७१ असेल तर दुसरा. लागणीचा निराळा, खोडव्याचा निराळा, क्षारपड रानातला तर जिभेला लगेच कळतो. उत्तर प्रदेशातून आलेली कारागिरांची टोळी बदलली की हात बदलला. रंग उजळावा म्हणून कुणी हायड्रोस टाकतो, कुणी टाकत नाही. साखर स्वस्त झाली की काही काहिलींत साखरच जाते; भेसळीवरच्या छाप्यांच्या बातम्या तालुक्याला नव्या नाहीत. दौंडचा गूळ इतका वेगवेगळा निघतो की मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला प्रत्येक खेपेची ढेप फोडावी लागते. जो माल दर वेळी फोडून बघावा लागतो, त्याचा धोका घेणारा पोटात ठेवतो आणि भावातून वसूल करतो. कमी भावाचे कारण हे आहे. दौंडला वेगळेपण कमी पडलेले नाही. सारखेपणा कमी पडला आहे.

त्याच शिवारातला ऊस साखर कारखान्यात जातो तेव्हा काय होते, ते ताडून पाहा. साखरेचे पोते कुणी फोडून चाखत नाही. एस-३० म्हटले की सौदा फोनवर ठरतो, बँक गोदामातल्या साठ्यावर कर्ज देते. पूर्वपक्ष लगेच विचारील, म्हणजे गुळाचीही साखर करायची? साखर कारखान्यांची दैना दिसत नाही? दिसते. मी गुळाला साखरेच्या पंक्तीला बसवत नाही. एवढेच म्हणतो की प्रत ठरल्याशिवाय नाव उभे राहत नाही. नाव म्हणजे मागच्या खेपेसारखाच माल मिळेल ही हमी. मागच्या खेपेसारखा मालच निघत नसेल तर नाव छापून काय साधले? गिऱ्हाइकाने एकदा फसल्यावर तुम्हाला नेमके ओळखून टाळावे, याची सोय केलीत.

‘केमिकल-फ्री’ या दाव्याकडे आता वळतो, कारण तालुक्यात सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर आहे. हायड्रोससारख्या रसायनातून गुळात उतरणारा सल्फर डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशी अन्नसुरक्षेच्या नियमांत मर्यादा आहे. ती पाळणे हे कायद्याने बांधलेले किमान कर्तव्य. कर्तव्य केले याची जाहिरात करणे हा गुन्हा नाही, पण त्याला वेगळेपण कसे म्हणावे? शिवाय ते प्रत्येक बरणीवर छापलेले आहे, खऱ्याच्याही आणि खोट्याच्याही. प्रयोगशाळेचा दाखला जोडलेली बरणी मात्र विरळा. गिऱ्हाइकाने त्यावर स्वतःची युक्ती काढली: काळपट तो शुद्ध, पिवळा तो भेसळीचा. बिचाऱ्याला कोण सांगणार की करपलेला गूळही काळाच असतो?

‘मग कोल्हापूरचे काय?’ हा प्रश्न येणारच, आणि तो यावा अशी माझी इच्छा आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण नाव त्याच्या कितीतरी आधी झाले होते. ते बरणीने केले नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाच्या व्यापाराला हक्काचे ठिकाण मिळाले. तिथे रोजचे सौदे, प्रतीप्रमाणे लावलेले रवे म्हणजे ढेपा, बाहेरगावचे ठरलेले खरेदीदार अशी घडी बसत गेली. शंभर वर्षे एकाच पेठेत, एकाच नावाने, ओळखीच्या प्रतीत माल उभा राहिला. एका शेतकऱ्याच्या गुळाने दुसऱ्याहून वेगळे होण्याची धडपड केली असती तर ‘कोल्हापुरी’ हे नाव जन्मालाच आले नसते. कर्नाटकातला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो, अशी तक्रार तिथले उत्पादक वर्षानुवर्षे करतात. चोरी होते ती त्या सामायिक नावाची. दौंडच्या नावाची चोरी कुणी करत नाही, ही खरी काळजीची गोष्ट.

पूर्वपक्षाकडे शिरूर तालुक्यातले एक चांगले उत्तर आहे: मोराची चिंचोली. तिथे मोर खरोखर आहेत, शेजारच्या गावाला ते आणून सोडता येत नाहीत, आणि त्यांच्यामुळे पुण्याची माणसे शनिवार-रविवारी तिथे जातात. हे अस्सल वेगळेपण आहे आणि मी ते मनापासून मान्य करतो. पण गावात शिरल्यावर काय दिसते? कृषी पर्यटन केंद्रे एकापेक्षा जास्त, आणि बहुतेकांकडे तेच: बैलगाडी, झोपाळा, हुरडा, पिठले-भाकरी, सकाळी मोर. कुणी म्हणाले का, शेजाऱ्याहून वेगळा झालो नाही तर मरेन? उलट सगळे मिळून आहेत म्हणून पुणेकराच्या डोक्यात ते गाव आहे. स्पर्धक एकमेकांना चिकटून का बसतात, हे हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्येच गणिताने मांडले होते. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानदाराला ते गणिताशिवाय कळते.

देवाला ब्रँड म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण यात्रेकरूची वाट पाहण्यासारखी आहे. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात. सिद्धटेक दौंडवरून भीमा ओलांडली की लागते. सिद्धटेकची मूर्ती उजव्या सोंडेची, हे भाविक आवर्जून सांगतो. पण उजव्या सोंडेचे गणपती महाराष्ट्रात इतरही आहेत; तिथे बस भरून कोण जाते? माणूस आधी अष्टविनायकांना निघतो. आठांत असणे आधी, सोंड नंतर. एखाद्या पंक्तीत आपली जागा आहे, हे गिऱ्हाइकाला पटल्यावरच तुमची खूण त्याच्या लक्षात राहते. पंक्तीबाहेर उभे राहून केलेले वेगळेपण कुणी बघत नाही.

मग वेगळे काहीच नको? हवे, आणि कडकडीत हवे, पण दिसण्यात. ढेपेचा आकार, वरचा शिक्का, वेष्टनाचा रंग, नावाचे अक्षर, या गोष्टी अशा असाव्यात की किराणा दुकानाच्या फळीवर पाच हातांवरून ओळखू याव्यात. आज सगळ्यांच्या पाकिटावर हिरवे ऊस, उगवता सूर्य आणि मिशीवाला शेतकरी. तिथे धाडसाने वेगळे व्हा. आणि एकदा ठरवलेली खूण दर हंगामाला बदलू नका. मालकाला तिचा कंटाळा येतो तेव्हा कुठे गिऱ्हाइकाला ती नुकती दिसू लागलेली असते. आतला गूळ मात्र पुरणपोळी करणाऱ्या बाईला मागच्या वेळेसारखाच लागला पाहिजे. आल्याचा गूळ करणाऱ्यांवर माझा राग नाही. ती शेवटची पायरी पहिली करू नका, इतकेच.

केडगाव, पारगाव, राहूच्या उत्पादक कंपन्यांना म्हणून एक विनंती आहे. वेगवेगळी दहा नावे छापण्याऐवजी दहा गुऱ्हाळांनी एकत्र बसावे. उसाचे वाण, उतरवण्याचे तापमान आणि ओलाव्याची मर्यादा कागदावर ठरवावी; अ‍ॅगमार्कची प्रतवारी समोर आहे, नवी शोधायला नको. प्रत्येक काहिलीशी एक थर्मामीटर ठेवावा. प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेचा दाखला मालासोबत जावा, आणि प्रत्येक ढेपेवर एकच शिक्का असावा: दौंड. प्रतीत न बसलेली ढेप त्या शिक्क्याने बाहेर पडू नये, मग ती सरपंचाच्या गुऱ्हाळातली का असेना. हे तीन हंगाम न चुकता करावे. त्यानंतरही मार्केट यार्डातला व्यापारी ढेप फोडूनच भाव बोलत राहिला, तर पूर्वपक्ष जिंकला असे मी जाहीर लिहून देईन.